‘छान’ म्हणजे काय छान?

विद्यार्थी मित्रहो, स्वतः काढलेला एखादा फोटो मोबाइलवर थोडा उजळ करावा, रंग जरा गडद करावेत, नको असलेली कडा कापून टाकावी आणि मग तो कोणाला तरी दाखवावा, असे तुमच्यापैकी बहुतेकांनी केले असेल. त्यावर तुम्हाला काय उत्तर मिळाले? ‘छान!’ फार तर ‘झकास!’ एखाद्याला ‘काही जमले नाही बुवा’ असेही ऐकावे लागले असेल. आता माझा दुसरा प्रश्न. या उत्तरातून तुम्ही काय शिकलात? पुढच्या वेळी काय करायचे आणि काय टाळायचे, हे तुम्हाला त्यातून कळले काय? कळले नसेल तर ते उत्तर, गोड असो वा कडू, तुमच्या काही उपयोगाचे नव्हते.

फोटोवर संस्कार करायला शिकणाऱ्याला अभिप्राय हवाच. पण तो कसा मागावा आणि कसा द्यावा, हे आपण शाळेत शिकवीत नाही. ते शिकवले पाहिजे, आणि विज्ञानाच्या तासालाच शिकवले पाहिजे, असे माझे मत आहे. या मतापर्यंत मी माझ्याच एका चुकीमुळे आलो. ती चूक आधी सांगतो.

एकोडीचा प्रसंग

भंडारा जिल्ह्यात साकोली तालुक्यात एकोडी नावाचे गाव आहे. आमचा हा सारा मुलूख तलावांचा आणि धानाचा. पावसाळ्यात रोवणी आटोपली की जिकडे पाहावे तिकडे हिरव्या बांध्या. या गावातील नववीतली एक मुलगी विज्ञान प्रदर्शनासाठी प्रकल्प करीत होती. तो पाहून चार शब्द सांगावेत म्हणून मला बोलावणे आले होते.

प्रकल्प साधा, पण विचारपूर्वक निवडलेला होता. घरच्या दोन बांध्या. एकीत रोवणीनंतर युरिया वेळेवर पडलेला, दुसरीत द्यायचा राहून गेलेला. नत्र हा हरितद्रव्याचा एक घटक आहे. तो कमी पडला की पानाचा हिरवेपणा उतरतो आणि पान पिवळट दिसू लागते. दोन्ही बांध्यांतील पानांचे फोटो शेजारी शेजारी लावून हा फरक तिला दाखवायचा होता. भाताचे संशोधक याच तत्त्वाचा उपयोग करतात. फिलिपीन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने प्रचारात आणलेल्या पानरंग तक्त्यात एका प्लॅस्टिकच्या पट्टीवर पिवळट हिरव्यापासून गडद हिरव्यापर्यंत चार छटा असतात. वरचे पूर्ण उघडलेले पान त्या छटांशी ताडून पाहायचे आणि पिकाला नत्र हवे की नको ते ठरवायचे. शेतकऱ्याने हे करताना उन्हाकडे पाठ करून पान आपल्या सावलीत धरावे आणि दर वेळी एकाच माणसाने, दिवसाच्या साधारण त्याच वेळी रंग पाहावा, अशी सूचनाही सोबत असते. ही सूचना लक्षात ठेवा. तिचे काम पुढे पडणार आहे.

मुलीने फोटो मोठे छापून तक्त्यावर चिकटवले होते. पाने अगदी टवटवीत, हिरवीगार, त्यांवरचे दवबिंदू चमकत होते. मी म्हणालो, ‘छान, फार छान,’ आणि पुढच्या तक्त्याकडे वळलो.

मागून आवाज आला, ‘सर, छान म्हणजे काय छान जी?’

मी थबकलो. प्रश्नात उद्धटपणा मुळीच नव्हता. वडिलांचा मोबाइल घेऊन दोन संध्याकाळी खपून तिने ते फोटो ‘सुधारले’ होते. सात-आठ जणांनी ते पाहिले होते आणि सगळ्यांनी छान म्हटले होते. नेमके काय चांगले झाले, हे मात्र एकानेही सांगितले नव्हते. मी परत फिरलो आणि पहिल्यांदाच ते फोटो नीट पाहिले. दोन्ही बांध्यांतील पाने सारखीच हिरवी दिसत होती! ज्या फरकासाठी सारा खटाटोप केला होता, तोच फरक तिने सुधारणेच्या भरात पुसून टाकला होता. आणि त्यावर माझ्या ‘फार छान’चे शिक्कामोर्तब झाले होते.

फोटो म्हणजे आकडे

हा फरक पुसला कसा गेला ते पाहू. मोबाइलमधला फोटो म्हणजे लहान लहान चित्रबिंदूंची जाळी. या बिंदूंना पिक्सेल म्हणतात. प्रत्येक पिक्सेलसाठी लाल, हिरवा आणि निळा अशा तीन रंगांच्या तीव्रता आकड्यांत साठवलेल्या असतात. नेहमीच्या फोटोत हा आकडा 0 ते 255 यांमधील असतो. प्रत्येक रंगाच्या 256 पायऱ्या, म्हणून एकूण रंगछटा 256 × 256 × 256, म्हणजे 1,67,77,216. फोटो सुधारायचा म्हणजे या आकड्यांवर बेरीज, गुणाकार अशा क्रिया करायच्या. मोबाइलवरची पट्टी बोटाने सरकवताना आपण खरे तर गणितच करीत असतो.

समजा, शेजारच्या दोन बिंदूंचे आकडे 200 आणि 230 आहेत. तुम्ही फोटो 60 ने उजळ केला. उत्तर यायला हवे 260 आणि 290. पण मर्यादा 255 ची आहे, म्हणून दोन्ही बिंदू 255 वर येऊन थांबतात. फोटो जास्तच उजळ झाला असे वाटून तुम्ही 60 परत वजा केले, तर मिळतात 195 आणि 195. पूर्वीचा 30 चा फरक गेला तो गेला. तो बदललेला फोटो जतन केला आणि मूळ पुसून टाकला, तर कोणताही जादूगार तो फरक परत आणू शकणार नाही. पाणी काठोकाठ भरलेल्या दोन घागरींत आणखी पाणी ओतले की ते वाहून जाते. कोणत्या घागरीत आधी किती होते ते मग सांगता येत नाही. तसेच हे.

आमच्या मुलीने उजळपणा वाढवला होता, रंगांचा गडदपणा वाढवला होता आणि वर ‘निसर्ग’ नावाची तयार छटा दिली होती. ही छटा हिरव्या-पिवळ्या रंगांना एकाच टवटवीत हिरव्याकडे ढकलते. पिवळट पान तिच्या दृष्टीने बिघडलेले पान. तिने ते ‘दुरुस्त’ केले! सुदैवाने मूळ फोटो मोबाइलमध्ये शिल्लक होते. ते उघडून पाहिले तर फरक स्पष्ट दिसला.

आपला डोळा साक्षीदार म्हणून कच्चा

तुम्ही म्हणाल, दोन संध्याकाळी फोटोकडे पाहत बसलेल्या मुलीला हे दिसले कसे नाही? याचे उत्तर डोळ्याच्या रचनेत आहे. पिवळ्या दिव्याच्या खोलीत गेलो की थोड्या वेळाने पांढरा कागद पुन्हा पांढराच दिसू लागतो. डोळा आणि मेंदू समोरच्या प्रकाशाला सरावतात. हा गुण रोजच्या जीवनात फार उपयोगी. पण रंग बदलत बसलेल्या माणसाला तोच फसवतो. गडदपणा थोडा वाढवला की डोळा त्याला सरावतो, मग आणखी थोडा वाढवावासा वाटतो. जास्त मिठाची सवय लागलेल्या माणसाला भाजी अळणी लागते, त्यातला हा प्रकार. दुसऱ्या दिवशी सकाळी तोच फोटो पाहिला की आपलेच आपल्याला तो भडक वाटतो.

म्हणून शिकणाऱ्याला दुसऱ्याचे डोळे लागतात. पण दुसऱ्याचे डोळे तरी पूर्ण भरवशाचे कुठे आहेत? काही जणांना लाल आणि हिरवा यांतील भेद नीट कळत नाही. शिवाय एकच फोटो दोन मोबाइलच्या पडद्यांवर निराळा दिसतो. यावर उपाय भौतिकशास्त्रात आपण नेहमी करतो तोच: मोजपट्टी जवळ ठेवायची.

मंगळाचे निळे आकाश

याचे एक नामांकित उदाहरण सांगतो. 1976 सालच्या 20 जुलैला अमेरिकेचे व्हायकिंग-1 हे यान मंगळावर उतरले. दुसऱ्या दिवशी त्याने पाठवलेल्या पहिल्या रंगीत चित्रात आकाश निळसर दिसले. चित्राच्या रंगांचा मेळ घाईत बसवला गेला होता आणि तो बसवताना पृथ्वीवरच्या नजरेला जे ओळखीचे, तेच आपसूक पुढे आले. परंतु यानावर ठरावीक रंगांचे चौकोन असलेली एक पट्टी मुद्दाम बसवलेली होती. त्या चौकोनांचे खरे रंग शास्त्रज्ञांना ठाऊक होते. चित्रातील पट्टीचे रंग खऱ्या रंगांशी जुळवताच मंगळाचे आकाश निळे न राहता फिकट गुलाबी-पिवळसर झाले. तिथल्या हवेत तरंगणाऱ्या बारीक धुळीचा तो परिणाम आहे. ही दुरुस्ती जाहीर झाली तेव्हा जमलेल्या पत्रकारांनी गमतीने नापसंतीचा गलका केला, असे कार्ल सेगन यांनी लिहिले आहे. लोकांना निळे आकाश आवडले होते!

येथे दोन अभिप्राय समोर आले. एक, ‘निळे होते तेच बरे होते.’ दुसरा, त्या लहानशा पट्टीने दिलेला. पहिल्यात माणसांची आवड कळते. मंगळाचे आकाश कसे आहे ते दुसऱ्यातून कळते. तुमच्या फोटोवर कोणी काही बोलले, तर ते या दोहोंपैकी कोणत्या जातीचे आहे, एवढे ओळखायला शिका.

दोन आक्षेप

काही शिक्षक म्हणतील, ‘मग मुलांना फोटोला हातच लावू देऊ नये. विज्ञानात फोटो जसाच्या तसा असावा.’ हे मला पटत नाही. जसाच्या तसा फोटो अस्तित्वातच नसतो. कॅमेऱ्यातील बहुतेक संवेदकांवर रंगीत गाळण्यांची जाळी असते. कोडॅक कंपनीतील ब्राइस बायर यांनी तिची रचना शोधली आणि 1976 मध्ये तिचे पेटंट मिळाले. या जाळीत निम्म्या बिंदूंवर हिरवी, पाव बिंदूंवर लाल आणि पाव बिंदूंवर निळी गाळणी असते. म्हणजे प्रत्येक बिंदू एकच रंग प्रत्यक्ष मोजतो आणि त्याचे उरलेले दोन रंग शेजाऱ्यांवरून हिशेब करून भरले जातात. त्यावर मोबाइल आपणहून रंगांचा तोल साधतो आणि कडा ठसठशीत करतो. तुम्ही पट्टीला बोट लावण्यापूर्वीच फोटोवर भरपूर संस्कार झालेले असतात. तेव्हा संस्कार करू नका, असे सांगण्यात अर्थ नाही. काय केले ते सांगा, असे सांगण्यात अर्थ आहे.

आपल्या महाराष्ट्रातलेच उदाहरण घ्या. 2 सप्टेंबर 2023 रोजी सोडलेल्या आदित्य-एल 1 या यानावर ‘सूट’ नावाची दुर्बीण आहे. ती पुण्याच्या आयुका संस्थेच्या पुढाकाराने तयार झाली. ती 200 ते 400 नॅनोमीटर तरंगलांबीच्या अतिनील पट्ट्यात, 11 निरनिराळ्या गाळण्यांमधून सूर्याची चित्रे घेते. हा प्रकाश आपल्याला रंग म्हणून दिसत नाही. मग प्रसिद्ध झालेल्या चित्रांतील रंग कुठून आले? ते शास्त्रज्ञांनी दिलेले आहेत. यात फसवणूक काहीच नाही, कारण कोणते चित्र कोणत्या तरंगलांबीचे ते सांगितलेले असते.

न सांगता केलेला बदल मात्र विज्ञानाला महागात पडतो. ‘जर्नल ऑफ सेल बायॉलॉजी’ हे नियतकालिक 2002 पासून स्वीकारलेल्या निबंधांतील चित्रे छापण्यापूर्वी तपासू लागले. त्यांचा नियम सोपा आहे: उजळपणा बदलायचा तर साऱ्या चित्राचा सारखाच बदला, एखाद्या भागापुरता नको, आणि मुळात असलेली गोष्ट त्यामुळे दिसेनाशी होता कामा नये. 2016 मध्ये एलिझाबेथ बिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जीववैद्यकातील 20,621 निबंधांमधील चित्रे तपासली. त्यांपैकी 3.8 टक्के निबंधांत एकच चित्र दोनदा वापरल्यासारखे दोष सापडले. हे मोठे लोकही कधी काळी शाळेत होते. त्यांच्या चित्रांना कोणी वेळीच ‘हे काय केलेस, मूळ दाखव’ म्हटले असते तर!

दुसरा आक्षेप असा की इतकी चिकित्सा केली तर नवशिके मूल बिचकेल, चार कौतुकाचे शब्द बोलावेत. कौतुक जरूर करावे. पण ते नेमके करावे. ‘पानाची शीर तू अगदी स्पष्ट पकडलीस, मोबाइल स्थिर धरलेला दिसतो,’ हे कौतुकच आहे आणि शिक्षणही. मूल बिचकते ते ‘काही जमले नाही’ या मोघम निकालाने, कारण त्यात पुढे जायला वाट नसते. ‘या कोपऱ्यातले दवबिंदू पांढरेफटक झालेत, उजळपणा थोडा कमी करून बघ,’ यात ती वाट आहे.

अभिप्राय मागावा कसा?

मित्रहो, चांगले उत्तर हवे तर प्रश्न चांगला विचारावा लागतो. ‘कसा वाटला?’ असे विचारले की ‘छान’ हेच उत्तर येणार. मी सुचवतो ते करून पाहा.

पहिले, मूळ फोटो कधीही पुसू नका. त्याची प्रत करा आणि बदल प्रतीवर करा. दाखवताना दोन्ही शेजारी ठेवा.

दुसरे, वहीत नोंद ठेवा. उजळपणा किती वाढवला, रंग किती गडद केले, कोणती कडा कापली, हे क्रमाने लिहा. प्रयोगवहीत आपण निरीक्षणे लिहितो, तसेच.

तिसरे, फोटो कशासाठी आहे ते स्वतःशी ठरवा. आजीच्या वाढदिवसाचा फोटो आणि धानाच्या पानाचा फोटो यांना एकच कसोटी लावता येत नाही. आजीचा चेहरा थोडा उजळ केला तर बिघडत नाही. पानाचा रंग हाच जर पुरावा असेल, तर तो उजळ करणे म्हणजे तराजूच्या पारड्यावर बोट ठेवणे.

चौथे, आधी काही न सांगता समोरच्याला विचारा, ‘तुला या दोन फोटोंत काय फरक दिसतो?’ तुम्हाला दाखवायचे ते त्याला न सांगता दिसले, तर फोटो जमला. दिसले नाही तर वाद घालू नका. तोच तुम्हाला मिळालेला सर्वांत मोलाचा अभिप्राय.

पाचवे, एका वेळी एकच नेमका प्रश्न विचारा. ‘पाण्यावरची चमक डोळ्यांना टोचते काय?’ ‘पक्ष्याच्या कडेने पांढरी रेघ दिसते काय?’ कडा ठसठशीत करण्याची पट्टी जास्त सरकवली की अशी खोटी रेघ उमटते.

आणि सहावे, शक्य तिथे फोटोतच मोजपट्टी ठेवा. पानाशेजारी पांढऱ्या जाड कागदाचा तुकडा ठेवला तरी पुरे. फोटोत त्या कागदाचे आकडे लाल 230, हिरवा 220, निळा 190 असे आले, तर प्रकाश पिवळट होता हे कळते, कारण पांढऱ्या कागदाचे तिन्ही आकडे जवळजवळ सारखे यायला हवेत. मग हिरव्याला 230/220 ने आणि निळ्याला 230/190 ने गुणायचे. पानाचे आकडे 92, 120, 57 असतील तर ते सुमारे 92, 125, 69 होतील. मोबाइलमधले हे आकडे प्रकाशाच्या थेट प्रमाणात नसतात, त्यामुळे ही रीत अंदाजाची आहे; पण नुसत्या नजरेपेक्षा पुष्कळ बरी.

शिक्षकांसाठी चार शब्द

आता माझ्या व्यवसायबंधूंना एक विनंती. मुलाने फोटो दाखवला की त्याच्या हातातून मोबाइल घेऊन आपणच पट्ट्या सरकवून देण्याचा मोह होतो. मलाही होतो. त्याने फोटो सुधारतो, मूल सुधारत नाही. त्याऐवजी बोट ठेवून दाखवावे, ‘येथे मला असे दिसते,’ आणि पुढचे त्याला करू द्यावे. प्रदर्शनात फोटो असलेल्या प्रकल्पाला गुण देताना मूळ प्रत आणि बदलांची नोंद मागावी. सुंदर फोटोपेक्षा नोंद ठेवलेल्या फोटोला अधिक गुण द्यावेत. यासाठी नवा खर्च नाही, नवे यंत्र नाही. एक वही आणि पाच मिनिटे एवढेच लागते. पाच मिनिटे नसतील तर ‘मी अजून नीट पाहिले नाही’ असे प्रांजळपणे सांगावे. न पाहता ‘छान’ म्हणू नये, जसे मी म्हणालो होतो.

त्या मुलीचे पुढे काय झाले, ते सांगायचे राहिले. मूळ फोटो लावले की काम भागेल, असे आम्हा दोघांना वाटले होते. पण तिनेच विचारले, ‘सर, हा फोटो सकाळच्या उन्हात काढला होता आणि हा आभाळ आले तेव्हा. मग फरक पानाचा की उजेडाचा?’ पानरंग तक्त्यासोबतची ती सूचना आठवली ना? माझ्याजवळ उत्तर नव्हते. तिने तक्त्यावर हा दोष स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवला. पुढे उन्हाळी धानाच्या वेळी तिने पुन्हा फोटो काढले. दोन्ही पाने एकाच वेळी, स्वतःच्या सावलीत धरून, शेजारी पांढरा कागद ठेवून. या वेळी फरक होता, पण तिला आधी वाटला होता त्याहून कमी होता. ते आकडे तिने मला पाठवले आणि खाली एकच ओळ लिहिली होती: कागदाचे आकडे बरोबर घेतले काय ते तपासून सांगावे.

त्या दिवशी मी ‘छान’ असे उत्तर पाठवले नाही. आकडे तपासले. एका ठिकाणी गुणाकार चुकला होता, तो कळवला. तुम्हीही आज एक फोटो घ्या, त्याची प्रत करा, केलेले बदल वहीत लिहा आणि दोन्ही फोटो घेऊन कोणाकडे तरी जा. उत्तर ‘छान’ असे आले, तर नम्रपणे पुढचा प्रश्न विचारायला विसरू नका.